कानातले घरी करण्याची पेटी: मणी चांगले, कानात जाणारी तार मात्र बदलावीच

मण्यांचे कानातले आणि त्यांना लटकवायची धातूची छोटी पदके घरच्या घरी करता यावीत, यासाठी लागणारे सगळे साहित्य एकाच डब्यात देणाऱ्या पेट्या ऑनलाइन बाजारात आता सर्रास मिळतात. त्यांपैकी साधारण दोन हजार रुपयांची, ‘मोठी’ म्हणून विकली जाणारी एक पेटी कोल्हापुरात घरी मागवून आणि तिच्यातला प्रत्येक जिन्नस वापरून पाहून हे परीक्षण लिहिले आहे. विक्रेत्याचे नाव मुद्दाम दिलेले नाही, कारण अशाच धाटणीच्या पेट्या निरनिराळ्या नावांनी विकायला आहेत आणि पुढची निरीक्षणे त्यांतल्या कोणत्याही पेटीला लावून पाहता येतील. निकाल आधीच सांगते: मण्यांसाठी ही पेटी घेण्यासारखी आहे, धातूकामाच्या हत्यारांपैकी एकच हत्यार मोलाचे आहे, आणि कानाच्या छिद्रात प्रत्यक्ष जाणारा भाग मात्र पेटीतला न वापरता गुजरीतून, म्हणजे कोल्हापूरच्या सराफ बाजारातून, चांदीची तार आणून स्वतः वळवावा.

पेटी उघडल्यावर दिसतात त्या अकरा नंबरच्या काचमण्यांच्या रंगीत नळ्या, आठ नंबरच्या थोड्या जाड मण्यांचे काही रंग, नायलॉनच्या दोऱ्याची दोन रिळे, सुयांचे पाकीट, कानातले हुक आणि जोडकड्या. धातूच्या बाजूला ओतीव पदकांची पिशवी आहे, ज्यात हत्ती, चंद्रकोर, पिंपळपान आणि चांदणी असे नेहमीचे आकार आहेत. त्याशिवाय ॲल्युमिनियमच्या कोऱ्या चकत्या, रोमन अक्षरांचे पोलादी ठसे, तळहाताएवढी ऐरण, पेच फिरवून भोक पाडणारा पंच, गोल तोंडाची एक पक्कड, एक कटर आणि रंगीत माहितीपुस्तिका दिलेली आहे. डबा पुठ्ठ्याचाच असला, तरी आतले कप्पे झाकणाला घट्ट टेकतात, त्यामुळे डबा आडवा झाला तरी एका रंगाचे मणी दुसऱ्यात मिसळत नाहीत. बारीक मण्यांचे काम ज्यांनी केले आहे, त्यांना ही सोय किती मोठी आहे हे सांगावे लागणार नाही.

मण्यांचा नंबर जितका मोठा, तितका मणी बारीक. अकरा नंबरचा गोल मणी साधारण दोन मिलिमीटरचा, आठ नंबरचा तीन मिलिमीटरच्या आसपास, आणि पंधरा नंबरचा दीड मिलिमीटरचा असतो. कानातल्यासाठी अकरा नंबर हाच मधला, हाताला आणि डोळ्याला झेपणारा पर्याय आहे, आणि पेटीने तोच मुख्य ठेवला आहे हे योग्य झाले. या धंद्यात जपानी मण्यांचा मान सगळ्यात वरचा, कारण मियुकी आणि तोहो या तिथल्या कंपन्यांचे मणी एकमेकांशी मापाने तंतोतंत जुळतात. झेक मणी थोडे चपटे आणि किंचित कमी-जास्त असतात, पण गुंफलेल्या लडीला त्यांचा गोलावा शोभून दिसतो. आपल्याकडे उत्तर प्रदेशातील फिरोजाबाद आणि पुर्दिलनगर ही काचकामाची जुनी ठाणी आहेत आणि बाजारात सुटा मिळणारा बराचसा माल तिकडून येतो. पेटीवर मणी कोठले हे छापलेले नाही. जपानी मण्यांइतकी सफाई त्यांत नाही, मात्र सुट्या किलोच्या भावाच्या मण्यांपेक्षा ते निश्चित सरस आहेत. तांदळातले खडे निवडावेत तसे प्रत्येक नळीतले जाड, तिरपे आणि भोक बुजलेले मणी आधी वेगळे काढले, तर उरलेल्यांतून ओळ सरळ बसते.

रंगांबाबत मात्र सावध राहावे लागते. काचेचा रंग अंगचा असेल तर तो कधीच जात नाही. मण्यावर वरून चढवलेला किंवा भोकाच्या आत लावलेला रंग घामाने, अत्तराने आणि उन्हाने उतरू शकतो. हे पाहण्याची सोपी रीत अशी की, प्रत्येक नळीतले पाच-सहा मणी नखांचे पॉलिश काढणाऱ्या ॲसिटोनमध्ये काही वेळ भिजवावेत आणि नंतर पांढऱ्या कापडावर चोळावेत. या पेटीतील तपकिरी, निळा, काळा आणि दुधी पांढरा हे रंग जसेच्या तसे राहिले. राणी आणि जांभळ्या रंगाने कापड रंगले. सोनेरी चमकीचे मणी ॲसिटोनला टिकले, पण बोटांच्या सततच्या घर्षणाने त्यांची चमक कडांवरून कमी झाली, म्हणून तो सोनेरी रंग रोजच्या वापरातल्या जोडात घालू नये. लग्नाकार्यापुरत्या कानातल्यात तो खुशाल वापरावा. राणी रंगाचा मोह सुटत नसेल, तर तो गळ्याला किंवा कपड्याला न घासणाऱ्या वरच्या भागात ठेवावा.

दोरा हा पेटीतला कच्चा दुवा आहे. साधे नायलॉन ताणले की लांबते, आणि मण्यांच्या वजनाने काही आठवड्यांत झालरीच्या लडींमध्ये फटी दिसू लागतात. तोच दोरा वापरायचा असेल, तर हातभर लांबीचा तुकडा कापून दोन्ही टोके धरून आधी सावकाश ताणावा आणि मग मेणबत्तीच्या मेणावर नव्हे, तर मधमाशीच्या मेणावरून फिरवावा. मेणबत्तीचे मेण ठिसूळ असल्याने भोकाभोवती त्याचा भुगा साचतो. त्याहून चांगला मार्ग म्हणजे मासेमारीच्या साहित्याच्या दुकानातून विणीचा बारीक दोरा आणणे. तो ताणला जात नाही आणि काचेच्या धारदार कडेलाही बराच काळ दाद देत नाही. पेटीतल्या सुयांपैकी निम्म्या जाड निघाल्या. अकरा नंबरच्या मण्यातून दोरा तीन-चारदा न्यावा लागतो, आणि जाड सुई तिसऱ्या फेरीला मणी फोडते. दहा किंवा बारा नंबरची मण्यांची लांब, लवचीक सुई वेगळी घ्यावी.

माहितीपुस्तिका हिंदी आणि इंग्रजीत आहे, मराठीत नाही. आकृत्यांवरून काम चालते, तरीही झालरीच्या त्रिकोणी कानातल्याची जी मुख्य कृती आहे तिच्यात एक पायरी गाळलेली आहे, म्हणून ती येथे सांगते. पहिली ओळ शिडीसारखी गुंफायची: दोन मणी शेजारी-शेजारी उभे करून दोऱ्याने जोडायचे, मग तिसरा, चौथा, असे नऊ मणी. त्यानंतरच्या ओळी विटांच्या बांधकामाप्रमाणे बसतात, म्हणजे प्रत्येक नवा मणी खालच्या दोन मण्यांमधल्या दोऱ्याच्या पुलाखालून सुई घेऊन अडकवला जातो आणि ओळ आपोआप एकेका मण्याने कमी होते. पुस्तिकेने सांगितलेले नाही ते हे, की प्रत्येक ओळीच्या सुरुवातीला एकाऐवजी दोन मणी घ्यावेत आणि सुई पुलाखालून काढून दुसऱ्या मण्यातून परत वर न्यावी. असे न केल्यास कडेला दोरा उघडा दिसतो, आणि तोच पुढे झिजून तुटतो. त्रिकोण पुरा झाला की शिडीच्या प्रत्येक मण्यातून खाली लड सोडायची, शेवटचा मणी वगळून त्याच लडीतून सुई वर घ्यायची, आणि पुढच्या मण्यात उतरायचे. लडी मध्यभागी लांब आणि कडेला आखूड ठेवल्या की कोयरीसारखा डौल येतो. ठुशी किंवा बोरमाळ गुंफून देणाऱ्या पटवेकऱ्यांच्या हाताला जी एकसारखी ओढ असते तीच येथे कमवावी लागते. दोरा फार खेचला तर त्रिकोण वाटीसारखा वळतो आणि सैल सोडला तर पुढे-मागे डोलतो.

आता मुख्य तक्रार. पेटीतले हुक ‘त्वचेला सुरक्षित’ असल्याचे छापलेले आहे, पण ते कशाचे आहेत हे कोठेही लिहिलेले नाही. स्वस्त कानातल्यांमुळे कानाची पाळी लाल होणे, खाजणे आणि पाणी सुटणे यामागे बहुतेक वेळा निकेल असते. हा धातू घामात थोडाथोडा विरघळतो, त्वचेत उतरतो, आणि एकदा त्याची ॲलर्जी जडली की ती सहसा आयुष्यभर पाठ सोडत नाही. टोचलेल्या छिद्रात तर त्वचेचे वरचे कवच फारच पातळ असते. युरोपीय संघाने १९९४ मध्ये दागिन्यांतील निकेलवर बंधने आणणारा निर्देश काढला, आणि तेथील सध्याच्या नियमाप्रमाणे टोचलेल्या छिद्रात जाणाऱ्या भागातून दर चौरस सेंटिमीटरमागे आठवड्याला ०.२ मायक्रोग्रॅमपेक्षा कमीच निकेल सुटले पाहिजे, तर त्वचेला नुसत्या टेकणाऱ्या वस्तूंसाठी ही मर्यादा ०.५ मायक्रोग्रॅम आहे. छिद्रात जाणाऱ्या तारेचा नियम दुपटीहून कडक ठेवण्यामागे हेच कारण आहे.

घरगुती तपासणी म्हणून लोहचुंबक लावून पाहण्याचा सल्ला अनेक जण देतात. त्याचा उपयोग मर्यादित आहे. चुंबक चिकटला तर आत लोखंडासारखा चुंबकाला ओढला जाणारा धातू आहे एवढेच कळते. तांबे, जस्त आणि निकेल यांचे जे मिश्रण जर्मन सिल्व्हर म्हणून ओळखले जाते, त्यात चांदी मुळीच नसते, निकेल भरपूर असते, आणि तरीही चुंबक त्याला चिकटत नाही. खरी तपासणी डायमिथिलग्लायॉक्झिम या रसायनाची आहे: अमोनियासह त्याचे थेंब टाकलेला कापूस धातूवर घासला आणि तो गुलाबी झाला, तर निकेल सुटत आहे असे समजावे. या चाचणीचे तयार संच ऑनलाइन मिळतात. पेटीतल्या हुकांवर घासलेला कापूस सुरुवातीला पांढराच राहिला, पण हुकाची वाकणाची जागा पॉलिश पेपरने किंचित घासून वरचा मुलामा उतरवल्यावर तोच कापूस स्पष्ट गुलाबी झाला. कानात घालता-काढता हा मुलामा त्याच जागी झिजणार आहे, त्यामुळे नवेपणी न खाजणारे हुक काही महिन्यांनी खाजू लागतील. माझ्या धाकट्या नणंदेला निकेल सोसत नाही. तिच्यासाठी केलेल्या जोडात हे हुक मी घातले नाहीत.

येथे कोल्हापूरकरांना एक फायदा आहे, जो दुसऱ्या शहरातल्या ग्राहकाला इतक्या सहज मिळत नाही. अंबाबाईच्या देवळापासून चालत जाण्याच्या अंतरावर गुजरी आहे, आणि चांदीच्या कामासाठी गावोगावी ओळखली जाणारी हुपरी जवळच, हातकणंगले तालुक्यात आहे. त्यामुळे चांदीची तार वजनावर विकत घेणे ही येथे अवघड गोष्ट नाही. तार घेताना दोन गोष्टी नेमकेपणाने सांगाव्या लागतात. पहिली शुद्धता: ९२.५ टंचाची तार मागावी आणि बिलावर तसे लिहून घ्यावे. शंभर नंबरी चांदी इतकी मऊ असते की हुक कानातच सरळ होतो, आणि पैंजणांसाठी वापरली जाणारी चांदी अनेकदा बरीच कमी टंचाची असते. दुसरी गोष्ट जाडी. परदेशी पुस्तिका आणि व्हिडिओ ‘२० गेज’ म्हणतात तेव्हा त्यांच्या मनात अमेरिकी गेज असते, ज्यात ही तार ०.८१ मिलिमीटरची भरते; आपल्याकडे पुष्कळ ठिकाणी ब्रिटिश गेज चालते, आणि त्यात २० नंबर म्हणजे ०.९१ मिलिमीटर. दशांशाचा हा फरक कागदावर क्षुल्लक वाटतो, पण बारीक टोचलेल्या छिद्रात चांगलाच जाणवतो. म्हणून गेज न सांगता ‘०.८ मिलिमीटर’ एवढेच सांगावे. गुजरीतल्या कारागिरांनाही मिलिमीटरची भाषाच सोयीची पडते.

खर्चाची भीती बाळगण्याचे कारण नाही. एका हुकाला साधारण पाच सेंटिमीटर तार लागते, म्हणजे जोडीला दहा, आणि ०.८ मिलिमीटर जाडीच्या ९२.५ टंच चांदीच्या दहा सेंटिमीटर तारेचे वजन जेमतेम अर्धा ग्रॅम भरते. अर्ध्या ग्रॅमसाठी कोणी तार ओढून देणार नाही हे उघड आहे. एकदम दहा ग्रॅम घेतली तर सुमारे एकोणीस जोड्या होतात. हुक वळवणे हे काम पक्कड धरता येणाऱ्या कोणालाही जमते. तारेच्या एका टोकाला गोल पक्कडीने बारीक वळे करावे, मग जाड पेनच्या नळीभोवती तार वळवून कमान आणावी आणि शेपटाचे टोक किंचित बाहेर झुकवावे. दोन्ही हुक एकाच वेळी, एकाच नळीवर वळवले तरच ते जुळे दिसतात. कानात जाणारे टोक बारीक कानशीने आणि नंतर हजार नंबरच्या पॉलिश पेपरने पूर्ण गोल करावे, गालावर फिरवून पाहावे आणि जरा जरी ओरखडा जाणवला तरी पुन्हा घासावे. शेवटी कमानीचा माथा पेटीतल्या छोट्या ऐरणीवर ठेवून हातोडीने हलके दोन-चार ठोके द्यावेत. ठोकल्याने धातू ताठ होतो आणि हुक आकार सोडत नाही.

तांब्याच्या तारेचे हुकही पुस्तिकेत सुचवले आहेत. दिसायला ते सुंदर असतात, पण घामाने पाळीवर हिरवट डाग पडतात. कोल्हापूरच्या पावसाळी दमट हवेत तर फारच लवकर. तांबे पदकांसाठी राखून ठेवावे.

ओतीव पदकांची पिशवी हा पेटीच्या जाहिरातीतला सगळ्यात मोठा फोटो आहे आणि प्रत्यक्षात सगळ्यात निराशाजनक भाग. हत्तीच्या पाठीवरून साच्याची रेघ स्पष्ट दिसते, चांदणीची टोके बोथट आहेत, आणि कडी अडकवायचे भोक इतके मोठे आहे की त्यातून पदक आडवे फिरते. आकार जाड ठेवल्याने वजनही नाहक वाढले आहे. याउलट कोऱ्या चकत्या आणि भोकपंच यांतून जे स्वतः करता येते, ते या तयार मालापेक्षा कितीतरी वरचढ आहे. पंचाला दोन तोंडे आहेत, एक सुमारे दीड मिलिमीटरचे आणि दुसरे अडीचच्या आसपास. पेच फिरवला की अर्ध्या मिलिमीटरच्या तांब्या-पितळेच्या पत्र्यात स्वच्छ भोक पडते आणि ड्रिलची गरज राहत नाही. भोक कडेपासून निदान स्वतःच्या व्यासाइतके आत ठेवावे, नाहीतर कडा फाटते. पेटीतले हे एकमेव हत्यार आहे ज्याच्यासाठी मी मनापासून पूर्ण गुण देईन.

ठशांच्या संचात फक्त रोमन अक्षरे आहेत. आपल्या घरांत पदकावर ‘श्री’ हवे असते, मुलीचे नाव हवे असते, आणि देवनागरीचे ठसे या किमतीच्या पेट्यांत मिळत नाहीत. त्यावरचा उपाय आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे: तांब्या-पितळेच्या भांड्यांवर टिपक्या-टिपक्यांनी नावे घालतात, ती रीत. चकतीवर बारीक मार्करने अक्षर काढावे, टोकदार पंच उभा धरावा आणि मिलिमीटरभर अंतराने हलके ठोके देत रेघेवरून जावे. पंधरा मिलिमीटरच्या चकतीवर तीन अक्षरांपेक्षा जास्त मावत नाहीत. जोडाक्षर असेल तर दोनच घ्यावीत. ॲल्युमिनियम मऊ असल्याने ठोका बेताचा द्यावा, नाहीतर टिपका पलीकडे उमटतो. पेटीतली ऐरण हलकी आहे आणि ठोक्यासरशी उडते. तिच्याखाली वाळूची छोटी पिशवी ठेवली की ती स्थिर राहते आणि खालच्या मजल्यावरच्या शेजाऱ्यांची तक्रारही येत नाही.

चकत्या संपल्यावर नवे पाकीट मागवण्याऐवजी पत्रा घ्यावा. शिवाजी उद्यमनगरात आणि शहरातल्या धातूच्या दुकानांत तांब्या-पितळेच्या पत्र्याचे तुकडे वजनावर मिळतात. अर्ध्या मिलिमीटरचा पत्रा पत्र्याच्या कात्रीने सहज कापला जातो. कापताना कडा वळते, ती लाकडी मोगरीने सपाट करून कानशीने गोलवावी. आकारांसाठी परदेशी नमुने शोधत बसण्याची गरज नाही. कोल्हापुरी साजात परंपरेने २१ पदके मानतात, आणि त्यांत दशावतारांची, अष्टमंगलाची, माणिक-पाचूची आणि डोरल्याची पदके सांगितली जातात. खऱ्या साजातली पाने पोकळ असतात, आत लाख भरलेली असते, आणि ते काम घरचे नव्हे. पण मासा, कासव, शंख यांच्या बाह्यरेषा सपाट पत्र्यात कापून, वर टिपक्यांनी खवले किंवा वळसे घातले, तर मण्यांच्या झालरीखाली ते पदक ओतीव हत्तीपेक्षा नक्कीच शोभते. माशाचा आकार सर्वांत सोपा आणि शंखाचा अवघड, कारण शंखाच्या आतल्या वळणात कात्री फिरत नाही. त्यासाठी सोनारी करवत आणि तिची बारीक पाती लागतात.

ठोकून ठोकून तांबे ताठ झाले की ते चिमट्यात धरून गॅसच्या ज्योतीवर अंधुक लाल होईपर्यंत तापवावे आणि पाण्यात सोडावे. ते पुन्हा मऊ होते. वर आलेली काळी पापुद्री चिंच-मीठ लावून घासली की निघते, देवाची तांब्याची भांडी घासतो त्याच पद्धतीने. पितळ मात्र फार तापवू नये, त्यातल्या जस्ताची वाफ घातक असते. मुलामा दिलेली पेटीतली पदके तर ज्योतीजवळही नेऊ नयेत. पुस्तिकेच्या शेवटच्या पानावर डाक देण्याची, म्हणजे झाळकामाची, थोडक्यात माहिती आहे. ती त्यांनी दिली नसती तर बरे झाले असते. टाकणखार, झाळ आणि फुंकणी यांचे काम अर्ध्या पानात शिकवता येत नाही, आणि भोक-कडीच्या रचनेत त्याची गरजही पडत नाही.

चांदीच्या किंवा तांब्याच्या पदकाला काळसर जुनी छटा हवी असेल, तर ऑक्सिडाइझ करण्याच्या रसायनाची बाटली विकत घेऊ नये. कडक उकडलेल्या अंड्याचे तुकडे आणि पदक एका घट्ट पिशवीत काही तास शेजारी ठेवले, तर बलकातल्या गंधकामुळे धातूवर काळिमा चढतो. हवी तितकी छटा आली की धुऊन उंचवटे पॉलिश पेपरने उजळवावेत, म्हणजे खोलगट भागात काळिमा राहून टिपके उठून दिसतात. पिशवीचा वास दुसऱ्या दिवशीही जात नाही, ती लगेच कचऱ्यात टाकावी.

जोडकड्यांचा दर्जा बरा आहे, पण विक्रेत्याने पक्कड एकच दिली आहे. कडी उघडताना तिची टोके एकमेकांपासून ओढायची नसतात, तर एक टोक पुढे आणि दुसरे मागे असे फिरवायचे असते, म्हणजे कडीचा गोल बिघडत नाही आणि बंद केल्यावर फट राहत नाही. त्यासाठी दोन्ही हातांत एकेक पक्कड लागते. गोल तोंडाच्या पक्कडीने कडी पकडली तर तिच्यावर खाचा पडतात. सपाट तोंडाच्या, आतून दाते नसलेल्या दोन लहान पक्कडी वेगळ्या घेतल्याशिवाय पेटीतले काम सुरूच होत नाही, आणि हा खर्च पेटीच्या किमतीत धरूनच चालावे. कटर मात्र चांगला आहे. तो फक्त तांब्या-चांदीच्या तारेसाठी राखावा, पोलादी तार कापली तर त्याची धार जाते.

वजनाचा हिशेब पुस्तिकेत कोठेच नाही, खरे तर तो पहिल्या पानावर हवा होता. अकरा नंबरचे सुमारे ११० गोल मणी एका ग्रॅममध्ये बसतात. वर सांगितलेला त्रिकोण आणि त्याखालची नऊ लडींची झालर मिळून पावणेतीनशे मणी लागले, तर ते अडीच ग्रॅमच्या घरात जाते. त्याखाली पंधरा मिलिमीटर व्यासाची, अर्ध्या मिलिमीटरची तांब्याची चकती लावली की पाऊण ग्रॅमहून थोडी जास्त भर पडते. तीच चकती ॲल्युमिनियमची असेल तर पाव ग्रॅम. पेटीतला ओतीव हत्ती एकटाच यांहून कितीतरी जड आहे. ज्यांची पाळी पूर्वीच्या जड झुमक्यांनी ओघळलेली आहे, त्यांच्यासाठी झालर आखूड ठेवून पदक ॲल्युमिनियमचे घ्यावे. मुलींच्या शाळेच्या कार्यक्रमासाठी करायचे असेल तर झालर नकोच, नुसता त्रिकोण आणि एक मणी पुरे.

विक्रेत्याच्या सेवेबद्दल थोडे. पार्सल वेळेवर आले. एका नळीत रंग चुकीचा भरला होता, ती बदलून मागितल्यावर फोडलेली पेटी परत घेत नाही असे उत्तर आले. पेटी न फोडता नळीतला रंग कसा तपासावा याचा खुलासा त्यांनी केला नाही. पुन्हा विचारल्यावर ती नळी वेगळी पाठवून दिली, हे मान्य केले पाहिजे. सुटे मणी पुन्हा मागवण्याची सोय आहे, पण दुसऱ्या खेपेच्या निळ्याची छटा पहिल्या खेपेपेक्षा किंचित गडद निघते, तेव्हा एका जोडीला लागणारा रंग एकाच खेपेतला असेल याची काळजी घ्यावी.

याच विक्रेत्याची निम्म्या किमतीच्या आसपासची लहान पेटीही आहे. तिच्यात ओतीव पदके, ठसे, ऐरण आणि पंच नाही. मणी, दोरा, कटर आणि पुस्तिका तीच आहे. लहान पेटी घ्यावी, भोकपंच आणि दोन सपाट पक्कडी सुट्या मागवाव्यात, पत्र्याची कात्री हार्डवेअरच्या दुकानातून आणावी, आणि तारेसाठी गुजरीत जाताना आपल्या कानाला नीट बसणारा एखादा जुना हुक सोबत न्यावा, म्हणजे त्याची जाडी कारागीर समोरच मोजून देतात.